संदर्भसूचीतलं पाणी

चि. अर्पिता हिला मामाचे आशीर्वाद (हे मूळचे माझेच आहेत, संदर्भ मागू नये). इथं सगळे बरे. तुझ्या गाईडसरांची तब्येत कशी आहे? गावात बरेच जण चौकशी करतात. सगळ्यांचाच हेतू चांगला असेल असं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तू दारोदार फिरून कुणाची विहीर कोणत्या महिन्यात आटते ते विचारलंस, तेव्हा गाव खरं बोललं. मग सर म्हणाले, नुसते आकडे चालायचे नाहीत. कुणी सांगितलं त्याचं नाव शेवटी छापा, अन् त्याची सही आणा. ते काम तू मामावर टाकलंस. महिनाअखेर प्रबंध द्यायचाय म्हणून तुझी आई मला रोज फोन करते (तुला करत नाही, तुझा अभ्यास मोडतो). निघालो यादी घेऊन.

पहिल्याच घरी अडलं. यादी अकारविल्हे, त्यामुळं धाकटा गुंडप्पा वर अन् थोरले शिवशरणअण्णा खाली. अण्णा म्हणाले, "भनीच्या लग्नपत्रिकेत बी म्या वर हुतो. हितं कुणाचा कायदा?" मी म्हणालो, बाराखडीचा. "मंग सही बी बाराखडीचीच घ्या." गुंडप्पानं मात्र न वाचता सही ठोकली, भावाच्या वर नाव आल्यावर वाचायचं काय राहतं? पुढं गजराबाई. आडनाव आधी अन् नाव मागं बघून म्हणाली, "आसं पोलिसात लिवत्यात, मास्तर. माज्यावर केस हाय का?"

हे मी निभावलं असतं. पण नाव छापणार म्हटल्यावर पाणी वाढायला लागलं. गजराबाईची विहीर जानेवारीत आटायची, तिच्यात आता मे महिन्यात म्हैस पोहते. (जावई शिकलेला आहे, वाचेल.) अण्णा यादीत खाली राहायला कबूल झाले, पण पाणी धाकट्यापेक्षा दोन महिने जास्त लिहायचं, या अटीवर. ते गुंडप्पाला कळलं. तेव्हापासून दोघांच्याही विहिरी बारमाही आहेत. सगळ्यांच्या सह्या जोडल्या आहेत. तुझ्या नव्या माहितीनुसार गावात एकही विहीर आटत नाही. टँकर मात्र मार्चात येतो, त्याला कुणी संमती विचारलेली नाही.

आता सरांना एवढंच विचार, की नाव पाहिजे का खरं पाहिजे. एका सहीत दोन्ही मिळत नाहीत. माझं मत विचारशील तर नावं गाळ, पहिले आकडे ठेव आणि सरांशी भांड. विद्येच्या कामात लबाडी नको.

तुझा,
महारुद्रमामा

ता. क. : आपल्या विहिरीपुढं तू 'फेब्रुवारी' लिहिलंयस. तेवढी एक नोंद नावासकट छाप आणि 'बारमाही' कर. आमच्या रणधीरला स्थळ आलंय.

आणखी ता. क. : मुलीचे वडील प्राध्यापक आहेत. पाणी बारमाही आहे याला आधार काय, असं त्यांनी विचारलं. मी तुझ्या प्रबंधाचा संदर्भ दिला आहे. पान क्रमांक तेवढा कळव.