लीड्समध्ये कुठे जेवावं

बिन महमूद, दोहा
शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

प्रिय मधुरा,

तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. आईंचे गुडघे कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांगायचा की नाही, ते तू ठरव.

तुझा मेसेज बुधवारी मी ऑफिसात असताना आला. ‘वल्लरीला लीड्सला ॲडमिशन मिळाली. दादा कुठे कुठे जेवायला जायचा ते तिला बघायचंय. फोन नको, लिहून पाठव.’ अठरा वर्षांनी तीन वाक्यं. वाईट वाटून लिहीत नाहीये. तीन आली हेच खूप.

इथे ऑगस्ट चालू आहे, म्हणजे इमारतीबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. आमचा प्रोजेक्ट हँडओव्हरला आलाय. दिवसभर ड्रॉइंगना नंबर लावायचे, घरी येऊन एसीसमोर बसायचं, एवढंच आयुष्य. काल ठरवलं होतं की सविस्तर लिहीन, पण वहीवरच डोळा लागला.

तर वल्लरीसाठी.

कर्कगेट मार्केट शहराच्या मधोमध आहे. आत चहा-टोस्टचे छोटे ठेले असायचे. लीड्समधलं माझं आणि तुझ्या दादाचं पहिलं जेवण तिथलंच, भाजलेला अख्खा बटाटा आणि त्यावर गोडसर बीन्स. श्रेयस म्हणाला, ‘हे लोक आजारी माणसाचं जेवण धडधाकट माणसाला घालतात.’ पण थंडीत तोच बटाटा हातात धरला की बरं वाटतं. तिला सांग, आधी धरायचा, मग खायचा.

हेडिंग्लीला मासे आणि चिप्सचं दुकान होतं. मटारचं एक पिठलं देतात सोबत, ते घ्यायचंच. पण कशात तळता ते आधी विचारायचं. यॉर्कशरमध्ये बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. आम्हाला हे चार महिन्यांनी कळलं. श्रेयस हातातली चिप तशीच धरून बसला आणि म्हणाला, ‘आता हे आईला सांगू नकोस.’ मग ती चिप खाल्ली.

हेअरहिल्समध्ये जहूरभाईंचं हॉटेल. माणूस पाकिस्तानातल्या मीरपूरचा, पण डाळ थेट आपल्याकडची. सहा टेबलं होती. श्रेयसला ते ‘नासिकवाले’ म्हणायचे. तिथे तिने बिनधास्त एकटीने जावं, आणि कोणाची भाची आहे ते सांगावं.

रविवारी दुपारी पबमध्ये रोस्ट मिळतं. आपण मांस नाही खाल्लं तरी यॉर्कशर पुडिंग खावं. फुगलेल्या पुरीची कोणी वाटी केली तर कशी दिसेल, तसं असतं, आणि त्यात गरम ग्रेव्ही ओततात, ती बिनमांसाची मागायची. पब कुठलाही चालेल. सगळे सारखेच.

आणखी आठवलं तर कळवीन. तिला जाड मोजे घेऊन दे, तिथले महाग पडतात.

नमिता

*

बिन महमूद, दोहा
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

प्रिय मधुरा,

फोटो मिळाला. वल्लरीला आईंच्या कपाटात सापडला म्हणतेस. श्रेयसने तपकिरी कोट घातलाय, हात खिशात, आणि डोक्यावर ‘मिलर्स आर्म्स’ची पाटी. तू विचारलंस, ‘हे तू लिहिलं नाहीस. का?’

फोटो मीच काढला होता. पहिला हिवाळा होता, आणि आम्ही तेव्हा खूश होतो, हे आधी लिहिते.

घरापासून सात मिनिटांवर होता तो पब. शुक्रवारी ऑफिस सुटलं की तिथे भेटायचो. शेकोटीजवळचं टेबल, चीज-कांद्याचा ‘पाय’, म्हणजे भट्टीत भाजलेली मोठी कचोरीच, त्याला बिअर, मला अर्धा ग्लास सफरचंदाची सायडर. हो, मीही घ्यायचे. परक्यांच्या गावात कोणीतरी नावाने हाक मारतं याचं आम्हाला अप्रूप होतं. मालकीण उंच होती, साठीची. सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणायची. श्रेयसने तिला आईंची फोडणीची मिरची खायला घातली होती.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात माझा वाढदिवस होता. सहा वाजता तिथे भेटायचं ठरलं. मी सात वाजेपर्यंत बसले. मग मालकीण पायची प्लेट घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, ‘खाऊन घे, लव्ह. त्याला मी तीन वाजता घरी पाठवलंय. चालवत नव्हतं त्याला.’ मी म्हटलं, तीन वाजता तो ऑफिसात असतो. तिने प्लेट माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, ‘ऑगस्टपासून तो रोज अकरा वाजता इथे येतो. मला वाटलं, तुला माहीत आहे.’

त्याची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते, मधुरा. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा. डबा मी भरायचे.

ती प्लेट मी संपवली. का ते अजून कळलेलं नाही. ती समोर बसली होती म्हणून असेल.

घरी आले तर तो जिन्यात बसला होता. रडला. म्हणाला, ‘मधुराला नववा लागलाय. तिला कळू देऊ नकोस. तिचं बाळंतपण होऊ दे, मी सोडतो.’ मी शब्द दिला. वल्लरीच्या बारशाला आम्ही नाशिकला आलो ते आठवतं? पंधरा दिवस तो एक थेंब प्यायला नाही. पाळण्याला झेंडू बांधत होता, आत्याबाईंची नक्कल करत होता. मला वाटलं, संपलं.

परत गेलो त्याच आठवड्यात पुन्हा सुरू. त्यानंतर दोन वर्षं मी सगळं केलं. डॉक्टर, दारू सोडवायच्या मीटिंगा, बाटल्या ओतणं, पबच्या मालकिणीला विनवणं. तिने त्याला द्यायचं बंद केलं, तर तो दुसरीकडे जायला लागला. म्हणून लिहिलं की सगळे सारखेच. तुम्हाला फोन करायचा असला की आधी त्याला तोंड धुवायला लावायचे आणि स्वतः शेजारी बसायचे. तुम्ही म्हणायचात, वहिनी फोन सोडत नाही.

तिथे कायम राहायचे कागद हातात आले आणि मी दोह्याची नोकरी घेतली. माझ्याने होत नव्हतं, एवढंच कारण. तुमच्याकडे ‘पगारासाठी गेली’ असं झालं, मी ते होऊ दिलं. दोन हजार सातच्या फेब्रुवारीत जहूरभाईंचा फोन आला, श्रेयस गेला म्हणून. लिव्हर होतं, हार्ट नव्हतं. ‘हार्ट’ मी सांगितलं. अस्थी घेऊन आले तेव्हा तू दारात उभी राहून म्हणालीस, ‘वहिनी, तू त्याला एकटं टाकलंस.’ आई आत होत्या. मी कलश तुझ्या हातात दिला आणि रिक्षात बसले.

इथे थांबणार होते. चहा करून घेतला, तरी हात थांबत नाही, तर लिहून टाकते.

त्या जानेवारीत त्याचा मला फोन आला होता. चांगला शुद्धीत होता. म्हणाला, ‘नमिता, मी नाशिकला जाऊ का? मधुराकडे राहतो काही दिवस. वल्लरीला बघतो.’ आणि मी म्हटलं, ‘असा जाऊ नकोस. त्यांना असा दिसू नकोस. आधी सोड, मग जा.’ तो म्हणाला, ‘बरोबर आहे तुझं.’ बस, एवढंच. पाच आठवड्यांनी गेला.

तू त्याला सांभाळलं असतंस का, तो वाचला असता का, मला माहीत नाही. पण तुझ्या दारापर्यंत तो येऊ शकला असता, आणि मी त्याला अडवलं. तू मला जे बोललीस ते चुकीच्या गोष्टीसाठी बोललीस, पण माणूस बरोबर धरलास. म्हणून मी उलट उत्तर दिलं नाही.

वल्लरीला हे सांगायचं की नाही, तू बघ. मी दमले आहे. लपवून ठेवण्याचं काम आता माझ्याकडून होणार नाही.

नमिता

*

बिन महमूद, दोहा
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

प्रिय मधुरा,

दीड महिना तुझं काही आलं नाही. मी धरून चालले की झालं, हे आपलं शेवटचं.

मग गेल्या शनिवारी वल्लरीचा फोन आला. बारशानंतर मी तिचा आवाज ऐकलाच नव्हता. ती सरळ म्हणाली, ‘मामी, मी वल्लरी. आईने तुमची दोन्ही पत्रं मला वाचायला दिली. मी आता मिलर्स आर्म्सच्या बाहेर उभी आहे.’

मी म्हटलं, ‘आत जाऊ नकोस, किंवा जा. मला काय ते कळत नाही.’

‘जायचं कुठे? इथे डेंटिस्ट आहे.’

मी हसायला लागले, मधुरा. तीही हसायला लागली. मग तिला रडू आलं, भर रस्त्यात. मी म्हटलं, बस पकड आणि जहूरभाईंकडे जाऊन जेव. ती गेली. ते ऐंशीचे झालेत, गल्ल्यावर नुसते बसून असतात. तिने मामाचं नाव सांगितल्यावर तिला पैसे देऊ दिले नाहीत म्हणे.

आणि मंगळवारी तुझी मेल आली.

ती मी ऑफिसात वाचली, ही चूक झाली. तू लिहिलंस, ‘बारशाच्या दिवशी दादा पाळण्यावर वाकला तेव्हा मला वास आला होता. मी त्याच्या हातात दोन लवंगा दिल्या आणि गप्प बसले. वाटलं, तू सांगशील. तू सांगितलं नाहीस म्हणून तुझा राग केला. मी विचारलं नाही म्हणून स्वतःचा करायला हवा होता, तो पण तुझ्यावरच काढला.’

खरं सांगू? वाचून हलकं वगैरे वाटलं नाही. आधी ते पंधरा दिवस गेले. बावीस वर्षं मी ते धरून होते, की एकदा तरी त्याला जमलं होतं. मग राग आला. एवढं माहीत असताना तू दारात उभं राहून मला ते बोललीस? अस्थींसमोर? स्क्रीन बंद केली आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. शेजारच्या टेबलवरची हनिया जॉर्डनची आहे, तिला यातलं काही ठाऊक नाही. माझा चेहरा बघून म्हणाली, ‘खलास, बस झालं, घरी जा, मी बॉसला सांगते.’ घरी येऊन झोपले ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. इतकी मी दोह्यात कधी झोपले नाही.

उठल्यावर राग होता, पण तो मला धरून ठेवता येईना. तू तेव्हा तेवीस वर्षांची होतीस, कुशीत पंधरा दिवसांचं बाळ होतं. मी सव्वीसची होते. दोघी त्याच्यासाठीच गप्प बसलो आणि तो आपल्या गप्प बसण्याच्या मधल्या जागेत पीत राहिला. यात कोणाचं किती, याचा हिशेब मला करायचा नाही. तुला करायचा असेल तर कर, पण मला पाठवू नकोस.

तू डिसेंबरमध्ये नाशिकला बोलावलं आहेस. लगेच हो म्हणत नाही. सुट्टीचा प्रश्न नाही, तुझ्या दाराचा आहे. थोडा वेळ दे. नाही मात्र म्हणत नाही.

आता आईंचं. तू त्यांना सगळं वाचून दाखवलंस ही ओळ मी तीनदा वाचली. ब्याऐंशीव्या वर्षी हे ऐकायचं! तू लिहितेस की त्या रडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, ‘तिला विचार, शेवटच्या दिवशी तो जेवला होता का.’

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही. मला माहीत आहे. अस्थी घ्यायला गेले तेव्हा जहूरभाईंनी मला आत बोलावून बसवलं आणि न विचारता सांगितलं.

तो गेला त्याच्या आदल्या दुपारी त्यांच्याकडे आला होता. दाढी केलेली होती. नेहमीच्या जागी न बसता स्वयंपाकघराच्या दाराशी बसला, तिथे ऊब असते. त्यांनी डाळ आणि भात दिला. त्याने कांदा मागितला, बुक्कीने फोडून. लिंबू पिळलं. भात कालवून अर्धं ताट खाल्लं, मग हात थांबला. जहूरभाई म्हणाले, ‘नासिकवाले, खा ना.’ तो म्हणाला, ‘चांगली झालीय, आमच्या घरच्यासारखी. पण पोट लहान झालंय.’ ताटात हात धुतला नाही, उठून बेसिनवर गेला. ताट स्वतः उचलून आत नेऊन ठेवलं.

आईंना हे असंच्या असं सांग. पोटभर जेवला असं सांगू नकोस. अर्धं ताट जेवला. गरम होतं, आणि समोर माणूस होतं.

तुझी वहिनी,
नमिता