विहंगची नळी

९ नोव्हेंबर, रविवार. अकोला.
काल विहंगचं ऑपरेशन झालं. लघवीची वाट जन्मापासून खालच्या बाजूला होती, ती टोकापर्यंत आणली. हे दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. "मोठा झाला का होते आपोआप" — सासूबाई. विहंगचे बाबाही तेव्हा गप्प. आता अकराव्या वर्षी पोराला सगळं कळतं, लाज वाटते.
लघवीची नळी दहा दिवस. लहानग्यांची डायपरात ठिबकू देतात, मोठ्यांना पिशवी लावतात, डॉक्टर म्हणाले. हे लगेच — "डायपरच बरं, लटकवायची झंझट नाही." विहंगने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, पिशवीच. तुम्ही घालून पाहा आधी डायपर!
लिहून घेतलं: पिशवी कायम कमरेच्या खाली. नळी मुडपू नये. पाणी भरपूर.

१२, बुधवार. खामगाव.
घरी आलो. सासूबाई दारातच — "हे काय लोंबते बे?" तेही शेजारच्या सारिकासमोर. पोरगा दिवसभर पांघरुणातून निघाला नाही.

१३, गुरुवार.
विहंगसाठी धरलेल्या गुरुवारांपैकी आज सातवा. त्याला आरतीला बसवायचंच होतं. सासूबाई आडव्या — "मुताची पिशवी देवापुढं? काही सोवळं-ओवळं?" म्हणजे पोरगाच देवाला नको का? पेटले मी. पिशवी धुतलेल्या पंच्यात गुंडाळली, देवघराच्या खुंटीला वर टांगली. जमिनीला टेकली नाही, देवाला दिसली नाही. आरती, स्तोत्र, तासभर बसवला.


१४, शुक्रवार.
सकाळी पट्टी ओली. टाक्यांतून लघवी झिरपतेय. डॉक्टर फोनवर म्हणाले, पिशवी उंच ठेवली होती का कोणी? लघवी तुंबली, नळीच्या बाजूने फुटली. छिद्र राहिलं तर सहा महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन.
आरतीत तर देवानेच जपलं. त्यानंतरच कोणीतरी पलंगावर ठेवली असणार, फरशी बाटू नये म्हणून. यांना विचारलं — "मले काय माहीत?" माहीत कधी असतं यांना? सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "माह्याच हातून झालं असन, सूनबाई." असन काय, झालंच. दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी. चहाही ओट्यावरच ठेवला.

१५, शनिवार.
विहंगला विचारलं, आजीनेच ठेवली ना वर? मानेनेच नाही म्हणाला. मग कोणी? 
"आई, आरतीतच पोट दुखून राह्यलं होतं. तू डोळे मिटून होती. मधात कसा बोलू?"
नऊ तारखेचं पान काढलं. 'पिशवी कायम कमरेच्या खाली.' अक्षर माझंच आहे.