दर गुरुवारी नवा माणूस

प्रिय ब्रिटा,

तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढता येतो का? रॉयची धाप कमी झाली? धाकटीचे दात सरळ झाले का? इकडे माझी कंबर कुरकुरतेय. इर्माचे डोळे अधू झालेत, तरी केक भाजायचं सोडत नाही. तुझ्या बाबांचं मात्र एका ओळीत उरकण्यासारखं नाही. त्यासाठीच कागद घेऊन बसलोय.

आमचा गुरुवारचा खेळ तुला ठाऊकच आहे. चर्चच्या तळघरात दुपारी आम्ही तिघं, कॉफी आणि फासे. गोष्ट मी सांगतो, तुझे बाबा लायल आणि इर्मा त्यातली माणसं होतात. माणूस घडवणं सोपं. तीनदा फासे टाकायचे: बळ, चपळाई, अक्कल. पडेल तो आकडा कार्डावर लिहायचा, पुन्हा टाकणं नाही. मग नाव, धंदा, घरी कोण. एकदा घडवला की मरेपर्यंत तो तुमचा. लायलचा लोहार अकरा वर्षं टिकला.

गेल्या हिवाळ्यात लोहाराचं कार्ड समोर असताना लायल म्हणाला, "आज नवा माणूस करू या." इर्मा म्हणाली, "का रे, जुना विटला?" "विटला," म्हणाला आणि हसला. पुढच्या गुरुवारी पुन्हा नवा. कोळी झाला, चोर झाला, साधू झाला. इर्मा चिडवायची, "लायल, तू मोजे बदलत नाहीस इतकी माणसं बदलतोस!" नवा माणूस घडवायची हौस आम्हा खेळणाऱ्यांना असतेच, त्यामुळे शंकाच आली नाही. उलट मी त्याला कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणून दिला. इतका मी शहाणा!

मार्चमध्ये मी मागच्याच आठवड्यातल्या साधूचं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. उलटसुलट करून पाहिलं त्याने. "झकास गडी आहे. कोणाचा?" अक्षर त्याचंच होतं, पोरी. इर्मा उठली आणि धुतलेलेच कप परत धुऊ लागली. घरी सोडताना गाडीत तो साधूचं कार्ड पुन्हा वाचत होता. मग म्हणाला, "आर्विड, ब्रिटाला कळवू नकोस. आईच्या आजारपणात तिनेच सगळं केलंय. पुन्हा तेच तिच्या गळ्यात नको." मी शब्द दिला. आठ महिने पाळला.

तो शब्द मी आज मोडतोय. परवाच्या गुरुवारीही त्याने नवा माणूस केला. 'घरी कोण' ही जागा तो नेहमी कोरी ठेवायचा. या वेळी लिहिलं: ब्रिटा, नऊ वर्षांची. मग घड्याळ पाहून म्हणाला, "शाळा सुटली असेल," आणि उठून बाहेर गेला. मला वाटलं, गोष्टीतलंच बोलतोय. मी कौतुकाने पुढचा फासा टाकला! तो आत येईना, तेव्हा शोधायला निघालो. जुन्या बसथांब्याशी बर्फात उभा होता, कोटाशिवाय. तो थांबा बंद होऊन वीस वर्षं झाली. हात निळे पडलेले. "ती येईपर्यंत हलणार नाही," म्हणाला.

सध्या तो माझ्याकडे आहे, ताप उतरलाय. सारखा शेजारी असतो, म्हणून फोन केला नाही. डॉक्टर म्हणतात, आता एकटं ठेवायचं नाही. कुठे ठेवायचं, ते तूच ठरवायला हवंस. तुझा चेहरा त्याला ओळखू येईल की नाही, मी सांगू शकत नाही. नाव अजून आहे. ते आहे तोवर ये. मला बोल लाव, हक्क आहे तुझा. पण कधी निघतेस ते दोन ओळींत लगेच कळव.

तुझाच,
आर्विड काका