लस्कमांच्या कोठारातला जॉन

३ मार्च

बाबा लग्नाला येणार नाहीत. साफ नाही! माझ्या लेकीने, टॅम्सिनने, नवरा निवडला तो ओढ्यापलीकडच्या लस्कमांचा, आणि बाबांच्या लेखी लस्कम म्हणजे दगाबाज. भांडण कधीचं? पंधराशे एकोणपन्नासचं! राजाने लॅटिन प्रार्थना मोडीत काढून इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादलं, डेव्हनची माणसं बिथरली, त्यात आमचा जॉन हॅनफर्ड होता. बंड मोडल्यावर तो लस्कमांच्या कोठारात लपला. त्यांनी त्याला धरून दिलं आणि गावच्या चर्चच्या मनोऱ्यावरून त्याला फासावर लटकवलं. बाबा हे परवाच घडल्यासारखं सांगतात. "त्याचं रक्त आहे आपल्यात. त्या घरात पोर देण्यापेक्षा ओढ्यात ढकल तिला."

टॅम्सिनला वडील नाहीत. आजोबांचा हात धरून वेदीपर्यंत जायचंय तिला. एवढंच मागणं आहे पोरीचं.

पण हे सगळं कुणी कधी तपासलंय का?

९ मार्च

एक्सेटरचा दप्तरखाना. त्या काळचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेल्या मुंग्यांची वरात! तासाभराने नजर बसली. आमच्या चर्चची नोंदवही पंधराशे अडतीस सालापासूनची आहे. एकोणपन्नासच्या ऑगस्टमध्ये जॉन हॅनफर्डचं दफन. वाचताना गलबलून आलं. मग पुढची पानं उलटली — बावन्न साली जॉन हॅनफर्डच्या मुलीचा बाप्तिस्मा. चोपन्न साली मुलाचा!

१० मार्च

फाशी गेलेल्याला तीन वर्षांनी मुलगी. भात शिजवताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, डोक्यात तेच.

१६ मार्च

सापडलं! जॉनच्या बापाचं, बंडाआधीचं मृत्युपत्र. गाय आणि पितळी हंडा "थोरल्या जॉनला", मेंढ्या "धाकट्या जॉनला". दोघंही तेव्हा हयात! त्या काळी बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचं नाव धर्मपिता ठेवायचा, बहुतेक स्वतःचंच. दोन मुलांचे दोन धर्मपिते, दोघेही जॉन — मग घरात दोन जॉन. आईने हाक मारली की कोण धावत असेल?

दफनाची नोंद पुन्हा पाहिली — फासावर गेला तो थोरला, बिनलग्नाचा. आम्ही धाकट्याचे. म्हणजे बाबांचा हुतात्मा आमचा चुलत पूर्वज. हसू आलं. बाबांना काय वाटेल या विचाराने लगेच मावळलंही.

टॅम्सिन फोनवर म्हणाली, "आई, आता पुरे कर." पण धाकटा तेव्हा कुठे होता? ते कळल्याशिवाय मला चैन नाही.

२३ मार्च

नको तेच कळलं.

बंडवाल्यांच्या जप्त जमिनींचे कागद. थोरल्याचं टेकडीवरचं शेत सरकारजमा, आणि वर्षाच्या आत ते धाकट्याला बहाल — "भावाचा ठावठिकाणा सांगितला म्हणून". खालीच हेन्री लस्कम. बंडखोराला आसरा दिला म्हणून तुरुंगात, तिथेच मेला.

घरभेदी आमचाच! ज्या शेतावर बाबांनी साठ वर्षं घाम गाळला, ते भावाच्या फाशीचं बक्षीस आहे. गाडीत बसून गार झालेली मांस-बटाट्याची पेस्टी खाल्ली. चव लागेना.

टॅम्सिन म्हणते, सांगू नकोस. आजोबा नाही आले तरी चालेल, पण या वयात त्यांच्याकडून हे काढून घेऊ नकोस. तिचंही खरंच आहे. पण मग लस्कमांनी आणखी किती वर्षं दगाबाज म्हणून घ्यायचं?

३० मार्च

सांगितलं. चहा ओतला, केशर घातलेला गोड पाव कापला आणि सांगून टाकलं. बाबांनी चष्मा लावून मी उतरवलेलं टिपण वाचलं, मग मूळ कागदाच्या नकलेतलं जुनं अक्षर बोटाने लावत बसले. म्हणाले, "शहरातले लोक काहीही लिहितात." मग पुन्हा वाचलं. पावाला हात लावला नाही. उठून कोट चढवला आणि टेकडीवर गेले. खिडकीतून दिसत होते — शेताच्या फाटकाशी उभे, आत न जाता.

मला माझाच राग आला. कशाला उकरलं मी हे?

२ एप्रिल

बाबा पहाटेच टेकडीवर जातात, फाटकापासूनच परत येतात. कुत्र्यालाही नेत नाहीत.

५ एप्रिल

सकाळी डेन्झिल लस्कमचा फोन, नवऱ्या मुलाच्या वडिलांचा. आवाज खाली आणून बोलत होता. "रोविना, तुझे बाबा आमच्या दारात उभे आहेत. टोपी हातात. आत या म्हटलं तर येत नाहीत. विचारताहेत — मी लग्नाला आलो तर तुम्हाला चालेल का?"