बत्तिसाव्या सामन्यातला झेल

पोर्ट हॅलम, आयोवा
सप्टेंबर १८७५

तीर्थरूप एब्नेझरमामांस,

भाचा जोसाया याचा बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार (गुडघा अजून वाकत नाही). तुमचा संधिवात आणि मामींचा खोकला, यांपैकी निदान एकाने तरी एव्हाना घर सोडलं असेल अशी आशा करतो.

मामा, माझ्यावर घोर अन्याय चालला आहे. गेले नऊ दिवस आमचा न्हावी फिनियस माझी दाढी थंड पाण्याने करतो. गरम पाण्याची किटली शेगडीवर वाफा सोडत असते, गुरांच्या दलालापर्यंत सगळ्यांना तिचा लाभ होतो, आणि माझी पाळी आली की हा बादलीत हात घालतो. साप्ताहिकाच्या संपादकाने किती सोसावं? कारण विचारलं तर म्हणतो, “पंच झाला होतात ना? देवाने डोळे दिलेत ते काय चष्म्याला सोबत म्हणून?”

तर पंच कसा झालो ते ऐका. आमच्या गावाने यंदा पगारी बेसबॉल संघ बाळगला (बाळगला हाच शब्द, लोक हत्तीही बाळगतात). एकतीस सामने झाले: तीस पराभव आणि एक पाऊस. पावसाबद्दल पाद्रीबुवांनी भर प्रार्थनेत आभार मानले. दर आठवड्याला मी वृत्तांत लिहीत होतो, आणि खोटं कशाला सांगू, मजेत लिहीत होतो. मधल्या मैदानावर उभा राहणाऱ्या एमॉस टटलबद्दल मी लिहिलं की त्याच्या हातात चेंडू पाहुण्यासारखा येतो, पण मुक्कामाला थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तो रस्त्यात भेटला आणि म्हणाला, “बरोबर लिहिलंत हो. बायको दोनदा हसली.” अशा माणसाशी भांडावं तरी कसं!

संघाचे अध्यक्ष गिरणीमालक क्रॉवेल. त्यांनी जाहीर केलं की शेवटचा, बत्तिसावा सामना जिंकलात तर नऊही जणांना हिवाळाभर पिठाच्या गिरणीत काम. हरलात तर संघ मोडला, ज्याने त्याने आपलं बघावं. एमॉसला तीन मुलं. चेंडू उघड्या हातांनी अडवून अडवून बोटं अशी वाकलेली, की त्याला सुतारकामावर कुणी घेत नाही.

पंचासाठी यजमानांनी गावातली पाच नावं द्यायची आणि पाहुण्यांनी एक निवडायचं, ही रीत. पाहुण्यांच्या कप्तानाने माझे वृत्तांत वाचले होते. “स्वतःच्या गावाची इतकी अब्रू काढणारा माणूस आमच्यावर अन्याय करणार नाही,” असं म्हणून त्याने माझ्या नावावर बोट ठेवलं.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने पुढे (मामा, मी फलक तीनदा वाचला). त्यांचा एकच गडी बाद व्हायचा राहिलेला, दोन गडी धावायच्या तयारीत. चेंडू मध्यावर उडाला, एमॉस उताणा की पालथा कळेना असा झेपावला आणि चेंडू छातीशी धरून उठला. तोवर ते दोघे घरी, म्हणजे शेवटच्या तळावर, पोचलेले. हवेत झेलला असेल तर सामना आमचा. टप्पा पडला असेल तर दोन धावा, सामना त्यांचा. नेमकी माझ्या चष्म्यावर धूळ बसलेली. पंचाला दिसलं नाही तर त्याने खेळाडूला विचारावं, हीही रीतच. मी विचारलं, “एमॉस, झेल खरा का रे?”

त्याने एकदा बायको बसली होती तिकडे पाहिलं. मग म्हणाला, “नाही हो, पेलसाहेब. टप्पा पडला. छोटासाच, पण पडला.”

आमचा गोलंदाज डिट्रिक मटकन खाली बसला. “अरे मेल्या, सहा महिने चेंडू धरला नाहीस, आणि आज धरलास तर कबुली देतोस?”

क्रॉवेलनी टोपी घातली आणि घोडागाडी मागवली. आता ते आठ जण एमॉसशी बोलत नाहीत. फिनियस त्याला खुर्चीतसुद्धा बसू देत नाही. त्या मानाने माझं थंड पाणी ही मेहेरबानीच. बाकी क्षेम. मामींस नमस्कार.

आपला,
जोसाया पेल

ता. क. तुमच्या गाड्यांच्या कारखान्यात येणाऱ्या फळ्या मोजून घ्यायला माणूस लागतो ना? एमॉसला घ्या. एक फळी कमी आली तर तो कमीच सांगेल, तुम्हाला आवडो न आवडो. मोजायला सरळ बोटं लागत नाहीत.

आणखी एक ता. क. चष्म्यावर धूळ नव्हती. टप्पा मला स्वच्छ दिसला होता. पण समोर चारशे गावकरी, त्यातले दोनशे माझे वर्गणीदार. म्हटलं, एमॉस ‘झेल खरा’ म्हणेल, पोरांचं पोट भरेल, पाप त्याच्या नावावर राहील आणि माझं साप्ताहिक चालेल. मी त्याला तीस सामने पाहत होतो, तरी ओळखलं नव्हतं. आज हे सगळं पहिल्या पानावर छापलं, माझ्या नावानिशी. छापखान्यातल्या जुळाऱ्याने हात आखडला, म्हणून अक्षरांचे खिळे मीच जुळवले. शाई वाळली की एमॉसची प्रत त्याच्या घरी देऊन येतो.