उजव्या हाताला विश्रांती

दि. ४ मार्च

चि. ठोंब्यास आजीचे अ. उ. आ.

आधी आल्या त्या बाई. साहेब मागून, तीन जिने धापा टाकत. मला वाटलं मीटर बघायला आले, तर तुझ्या जहाजावरचे पाहुणे! आठ दिवस तुझ्याच खिडकीजवळच्या टेबलावर जेवलेले. तू पाठवलेला साबण दिला. इतका वासाचा साबण अंगाला कशाला लावायचा, कपाटात ठेवलाय. तर काय सांगत होते, हं, तुझं कौतुक संपेना. कुणाला बिनसाखरेचा चहा, कुणाला सूप कढतच हवं, सगळं तुला दुसऱ्या दिवशी तोंडपाठ. घरी स्वतःची ताटली कधी उचलली नाहीस, लबाडा!

आता रागावू नकोस. मनगट सुजलंय, एवढी एक फेरी निभावली की हेड वेटर होईन, मग ट्रे उचलायलाच नको, तोवर कुणाला सांगू नकोस, असं तू लिहिलं होतंस. पण माझ्या तोंडात तीळ भिजतोय थोडाच! आणि परक्यांना सांगून काय बिघडतं? बाईंचे डोळे भरून आले. साहेब म्हणाले, या मुलाच्या हाताला विश्रांती द्या असं कंपनीला आजच कळवतो. देवमाणसं रे!

लोभ माझा आहेच, तुझा आटू देऊ नकोस.
आजी

दि. १९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

साहेबांचं पत्र पोचलं. मॅनेजरांनी ते सगळ्या वेटरांपुढे मोठ्यानं वाचलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि मग मला बाही वर करायला सांगितली. डॉक्टरांनी कामास अयोग्य असं लिहून दिलं. दुखणं लपवलं म्हणून परत घेणार नाहीत, आणि दुसरं जहाजही आधी तोच कागद मागणार. त्याच संध्याकाळी माझ्या टेबलाशी दुसरा उभा होता. सकाळी मला बंदरावर उतरवलं.

तुला काय बोलू? आपलेच दात, आपलेच ओठ. इथल्या खाणावळीत भांडी घासू का विचारलं, त्यांनीही आधी हाताकडेच पाहिलं. घरी येईन. येऊन काय करीन, ठाऊक नाही.

माया असू दे.
तुझा ठोंब्या

दि. २१ मार्च

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

तुझं पत्र अजून नाही. नसू दे, तेवढाच हाताला आराम. आज पाहुणे पुन्हा आले, या खेपेला साहेब आधी! कंपनीचं उत्तर आलंय: कळवल्याबद्दल आभार, योग्य ती कार्यवाही केली आहे. बाईंनी दोनदा वाचलं, मग शेजारणीला हाक मारून मी तिसऱ्यांदा वाचून घेतलं. या म्हातारीच्या शब्दावर एवढं मोठं जहाज हललं, बघ!

आणि ऐक, गुरुवारी ते पुन्हा जहाजावर निघालेत. मुद्दाम तुझंच टेबल मागून घेतलंय. तुझ्या मनगटासाठी लोकरीचा पट्टा विणलाय, तो बाईंच्या पर्समध्ये आहे. सगळ्यांसमोर घालायला लाजू नकोस. त्यांना नीट वाढ.

जीव तुझ्यात आहे, हे काय दर वेळी लिहायचं?
आजी

ता. क. उतरले की तुझी खुशाली सांगायला सरळ माझ्याकडे येणार आहेत. रविवारी, चार एप्रिलला, सकाळी.