अ‍ॅडमिनले बी वांगंच

मंगळवार, रात्र. बोरगाव मेघे.

व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या फोटोच्या जागी आता वांगं आहे, उद्या संध्याकाळपर्यंत. मीच लावलं, हे अजून खरं वाटत नाहीये.

गल्लीतल्या बायांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'खात्री केल्याशिवाय मेसेज पुढे पाठवायचा नाही' हा नियम मीच गमतीत केला होता. मोडला की एक दिवस फोटोऐवजी वांगं. न्यायाधीश दर रविवारी चिठ्ठी काढून ठरते. आणि आज मीच पाठवलं, उद्या नळ येणार नाही म्हणून! अख्ख्या गल्लीनं ड्रम, बादल्या, होते नव्हते ते गंज भरून ठेवले. मेसेज निघाला मागच्या वर्षीचा.

या आठवड्याच्या न्यायाधीश माझ्या सासूबाई. घरात मला कधी अर्ध्या शब्दानं बोलल्या नाहीत. ग्रुपवर त्यांचा आवाज आला, "अ‍ॅडमिनले बी वांगंच."

अ‍ॅडमिन मी. एक बोट दाबलं असतं तर न्यायाधीशच ग्रुपबाहेर. मग काऊन नाही दाबलं? सही नाही, शिक्का नाही, नुसता खेळातला नियम. आणि माझा हात निमूटपणे वांग्याचा फोटो शोधत होता.

मी नोकरी करते त्या कॉलेजात उद्या प्राचार्यांना हे वांगं दिसणार. म्हणून स्वयंपाक करताना हळूच विचारलं, "आई, सकाळी काढू का?"

त्यांनी तव्यावरची पोळी उलटली. "घरात काऊन विचारून राह्यली? ग्रुपवर अर्ज टाकजो."

टाकला. जेवताना त्यांनी मला तूप लावून गरम पोळी वाढली, आणि हात धुतल्यावर अर्ज फेटाळला.